आत्याचा पदर

मोना डोक्यावर पदर घेऊन गाडीतून उतरली आणि इंगवल्यांच्या बंगल्यात, मागच्या अंगणातलं मटणाचं पातेलं सोडलं, तर बाकी सगळं जागच्या जागी थांबलं.

फाटकावर फ्लेक्स लागला होता. अकरा महिन्यांच्या राजवीरला गॉगल घातलेला, मागं वाघ, खाली 'छोटे सरकार यांचा जावळ सोहळा'. बाळाचा बाप अमरसिंह याची ही हौस. ज्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही त्याला सरकार म्हणायचं आणि ज्यांना येतं त्यांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढायचे, एवढाच पराक्रम आता या घराण्यात शिल्लक होता. रस्त्याच्या पलीकडं दुसरा फ्लेक्स होता. त्यावर खुद्द मोना, अमरसिंहची धाकटी बहीण. गाल सोललेल्या अंड्यासारखे, केस दोन्ही खांद्यांवर मोकळे. 'रूपमती स्माईल अँड स्किन, आता राजारामपुरीत. रविवारी उद्घाटन. डॉ. ऋतुराज.' ऋतुराज म्हणजे अमरसिंहचा मेव्हणा, बाळाचा मामा. शिकलेला दातांचा डॉक्टर. पण दातांना कुणी विचारेना, म्हणून गेल्या वर्षी पुण्याला जाऊन दोन दिवसांत चेहरे भरायला शिकून आला होता. दोन दिवसांत माणूस धड पोळ्या लाटायला शिकत नाही.

आणि त्या फ्लेक्सखाली खरी मोना उभी होती. जांभळ्या रेशमी साडीचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला, दोन्ही बाजूंना पिना टोचून बसवलेला.

"कोण म्हणायचं हे?" व्हरांड्यातून बयाबाईंनी डोळे बारीक केले. घर त्यांना आक्का म्हणत असे. "आमची मोना?"

"मीच, आक्का."

आक्कांच्या हातातली तांदळाची परात तशीच राहिली. याच बंगल्याच्या वास्तुशांतीला, पंगत बसलेली असताना, त्यांनी लेकीच्या कानात सांगितलं होतं, बाई गं, चार माणसं आल्यात, डोईवर पदर घे. त्यावर मोनानं पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं होतं, "डोक्यात काय नसतंय त्या बायका झाकतात." आक्कांचा जन्म डोईवर पदर घेण्यात गेलेला. पंगत हसली. आक्का हसल्या नाहीत. मोनाला द्यायची म्हणून ठेवलेली बोरमाळ त्या दिवसापासून त्यांनी आपल्याच गळ्यात ठेवली, आणि मायलेकींचं बोलणं हवापाणी आणि दूधदुभत्यापुरतं उरलं. त्याला अकरा वर्षं झाली.

आणि आज हे.

"अगं माझी बाय ती!" आक्का पायऱ्या उतरल्या. त्यांनी लेकीच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढं केला, तशी मोना चटकन मागं सरली. आक्कांना त्यात लाज दिसली. माणूस सुधारलंय असं वाटायला आपल्याकडं फार काही लागत नाही, वारभर कापड पुरतं. आक्कांनी सगळ्यांसमोर गळ्यातली बोरमाळ काढली आणि लेकीच्या गळ्यात घातली.

"तुझीच हाय. घालत जा."

"आक्का, नको आत्ता..."

"गप. मला कळतंय सगळं."

आक्कांना काहीच कळलं नव्हतं.

"ह्ये सगळं आमच्या पावण्यांमुळं बरं का," अमरसिंहनं संधी साधली. मेव्हण्याचं कौतुक करायची एकही वेळ तो दवडत नसे. "त्येंच्या दवाखान्यात जायला लागल्यापास्नं मोनाची भाषाबी बदललीया. मान ठेवायला लागली."

कालपर्यंत त्या दवाखान्याला आक्का 'गिलाव्याचं दुकान' म्हणत होत्या. रविवारी उद्घाटनाला येणार नाही म्हणून हटून बसल्या होत्या. आता त्यांनी डोळे पुसले.

"व्हय? मग रविवारी फीत मी कापतो," आक्का म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. मोनाचा नवरा सम्राट यानं सुद्धा वाजवल्या. बायकोनं पदर का घेतला हे त्यालाही माहीत नव्हतं. बोनेटवरचा ओरखडा त्याला अंधारात दिसायचा. बायकोच्या डोक्याकडं मात्र त्यानं पंधरा दिवसांत पाहिलं नव्हतं.

*

ऋतुराजनं मोनाला धान्याच्या खोलीत गाठलं. दार लोटलं आणि हसला. तो सतत हसत असे, कारण दात त्याचे स्वतःचे आणि चांगले होते.

"मोनाताई, पदराची आयडिया भारी हाय. मला सुचली नसती."

"केस कधी येणार ते सांग."

"येत्यात की. चार म्हैने, सा म्हैने. टेन्शन घेऊ नका, टेन्शननं चाई वाढती."

"ही चाई नाही." मोना दबक्या आवाजात, पण शुद्ध बोलत होती. मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागल्यापासून ती 'मी गेलो, मी आलो' हे घरचं बोलणं सोडून 'मी गेले, मी आले' करायला लागली होती. कोल्हापुरात बाईमाणूसही 'आलो'च म्हणतं, याची तिला लाज वाटे. "तू कानशिलं भरलीस त्या संध्याकाळी माझं कपाळ पांढरंफटक पडलं होतं. ठणकत होतं. मी तुला फोन केला."

"बर्फ लावा म्हणून सांगितलं की मी."

"तू वारणानगरला कुणाच्यातरी हळदीत नाचत होतास. मागं बँजो ऐकू येत होता." तिनं श्वास घेतला. "मी सांगलीला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आले. ते म्हणाले, औषध रक्ताच्या शिरेत गेलं. रक्त बंद झालं, केसांची मुळं उपाशी मेली. त्याच दिवशी विरघळवायचं इंजेक्शन दिलं असतं तर वाचली असती. तुझ्याकडं ते इंजेक्शन होतं का?"

ऋतुराजचं हसू जरा आखडलं. "मागवलं होतं. आलं न्हवतं."

"आता आलंय?"

"उद्घाटनाच्या गडबडीत... येतंय की."

"आणि उद्या तू वैनीला टोचणार आहेस. तिथंच. कानशिलात."

"दिदी मागंच लागलीया माझ्या. आणि आता हात बसलाय."

"माझ्यावर बसवलास होय रे?"

ऋतुराजला या प्रश्नाचा राग आला. हजारात एखाद्याला होतं असं, आणि ती एखादी नेमकी फ्लेक्सवरचीच निघावी, हे त्याला स्वतःवरच झालेला अन्याय वाटत होतं. बहिणीचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं. वाईट होणार नाही असं त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलं की झालं, एवढीच त्याची वैद्यकी.

"सांगा की मग तुमी दिदीला," तो म्हणाला. "पण डोक्यावरचा पदर काढून सांगावं लागंल. नुसतं तोंडानं कोण ऐकणार? ती रोज तुमचा फ्लेक्स बघती. आणि आक्कांनी बोरमाळ कशासाठी घातली, तेबी सांगा त्येनला."

तो निघून गेला. मोना गव्हाच्या पोत्यांपुढं उभी राहिली. तिचा हात गळ्यातल्या मण्यांवर होता. चेहरा भरून घेतल्याची नव्हे, तिला लाज वाटत होती आईच्या त्या हाताची, जो डोक्यावरून फिरायला आला होता.

*

अमरसिंहची बायको तेजस्वी आतल्या खोलीत बाळाला नवा सदरा घालत होती. बाळंतपणानंतर ती उतरली ती उतरलीच. गाल बसले होते, कानशिलं आत गेली होती. सहा महिन्यांमागं अमरसिंहनं दोस्तांच्या पुढं तिच्याकडं बोट दाखवून म्हटलं होतं, "आमची कवटी बघा." सगळे हसले होते. अमरसिंह ते विसरून गेला. तेजस्वी आरशापुढं उभी राहिली की रोज ते ऐकत असे.

मोना आत आली तशी ती उजळली.

"वन्सं, या. एक विचारू? खरं सांगा हं. लई दुखतं?"

"काय?"

"इंजेक्शन. उद्या अकराला बोलावलंय ऋतूनं. ह्येनला सांगितलं न्हाय अजून. एकदम दाखवायचं." तिनं बाळाचं बटण लावलं. "मी भित्री. दुसरं कोण असतं तर गेलो नसतो. तुमचा फ्लेक्स बघितला आन् म्हणलो, वन्संनी केलंय म्हणजे काय भ्या न्हाय."

मोनाच्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात बाहेरून आक्कांची हाक आली, "मोना! सगळ्यांस्नी दाखीव जरा बोरमाळ!" आणि तोंडाशी आलेलं परत गेलं.

"मुंगी चावल्यासारखं होतं," मोना म्हणाली. "बास."

तेजस्वी हसली. आपल्या नणंदेचा हात सारखा पिनेवर जातोय, हे तिनं पाहिलं. नव्या पदराची सवय नाही, असं तिला वाटलं.

*

पाट मांडला. मामा बसला, त्याच्या मांडीवर भाचा. नेहमीच्या सलूनमधला कृष्णात कात्री घेऊन आला होता. छोटे सरकारांनी कात्री पाहिली आणि साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. अमरसिंहनं मोबाइल उभा धरला, मग आडवा धरला.

"आत्या कुठं हाय?" कृष्णातनं केस ओले केले. "या म्होरं. पदर धरा."

बाळाच्या पहिल्या जावळाचे केस भुईवर पडू द्यायचे नाहीत. ते आत्यानं पदरात झेलायचे, कणकेच्या गोळ्यात घालायचे आणि पंचगंगेत सोडायचे. हे मोनाला लहानपणापासून माहीत होतं. पदर एकच असतो आणि तो डोक्यावर असला की पुढं पसरता येत नाही, हे तिला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. हुशारी ही अशीच असते, सगळीकडं पोचते आणि दारात अडखळते.

ती जागची हलली नाही.

"ताटात घेऊया की," ऋतुराज पाटावरून घाईनं म्हणाला. "हायजिनिकबी हाय."

"ताटात?" आक्का कडाडल्या. "आत्या मेलीया काय त्याची?"

"तिला डोक्यावरचा काढवंना झालाय, नवी नवलाई," विठाबाई पुढं सरल्या. त्या आक्कांच्या नणंद, आणि गेली पन्नास वर्षं आक्कांच्या प्रत्येक कामात त्या अशाच पुढं सरत आल्या होत्या. "मी झेलतो की. अमरचं जावळ ह्याच पदरात पडलंय. आत्याची आत्या, चालतंय."

"काय चालत न्हाय! मी जित्ती हाय अजून." आक्का लेकीकडं वळल्या. "काढ गं मोना. देवाधर्माच्या कामाला पदर काढला म्हणून मान जात न्हाय."

खरं तर वाट मोकळी होती. 'विठाआत्तींनाच धरू दे' एवढं म्हटलं असतं की झालं असतं. विठाबाईंनी पदर कधीच पुढं केला होता. ऋतुराज मोनाकडं बघून बारीक मान हलवत होता, म्हणा, म्हणा. मोनानं तोंड उघडलंही.

तेवढ्यात तेजस्वी तिच्या कानाशी वाकली.

"वन्सं, तुमच्याच पदरात पडू दे. उद्या मीबी तुमच्यावानीच हून येतो."

तिचं कानशील मोनाच्या डोळ्यांपुढं आलं. आत गेलेलं, पातळ कातडीचं, आणि त्यात एक निळी शीर उडत होती.

मोनानं एक पिन काढली. मग दुसरी. पदर डोक्यावरून सरकवला, दोन्ही हातांनी पुढं पसरला आणि मामाच्या गुडघ्याशी जाऊन बसली. "काप," ती म्हणाली.

कृष्णातनं वर पाहिलंच नाही. कात्री चालली आणि पहिली बट जांभळ्या रेशमावर पडली. मग डावी बाजू झाली. मग विठाबाईंनी किंकाळी फोडली.

"अगं बया बया! हिच्या डोस्क्याला काय झालंय?"

उजव्या कानशिलापासून वर, भांगापर्यंत, पुरीएवढी जागा साफ गुळगुळीत होती. मध्ये एक वाळलेली खपली. बाकीचे केस तिच्याभोवती नीट विंचरून, चिकटवून ठेवलेले, आणि पिनांबरोबर तेही उचकटले होते.

"चाई हाय ती," विठाबाईंनी निकाल दिला. "लसूण चोळ."

आक्का दोन पावलं जवळ आल्या. मग त्यांनी विचारलं, "तुझं जावळ कुणी काढलं गं?"

"मामानंच," मोना म्हणाली.

सगळ्यांनी पाटाकडं पाहिलं. मांडीवर अर्धा भादरलेला भाचा घेऊन बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे ऋतुराजच्या तेव्हा ध्यानात आलं.

"आक्का, हे हार्मोनचं असतंय. टेन्शननं..."

"मी गेलतो ह्याच्याकडं," मोना बोलली, आणि तिची 'गेले-आले'ची सगळी शिकवणी एका दमात गळून पडली. "कानशिलं भरून घ्यायला गेलतो. सुई शिरंत गेली. संध्याकाळी फोन केला तर म्हणतोय बर्फ लावा. भरलेलं विरघळवायची सुई ह्याच्याकडं न्हवतीच, अजूनबी न्हाय. वैनी, मुंगी चावल्यावानी म्हणलो ती लबाडी होती. घणानं ठोकल्यावानी दुखत होतं रातभर. आणि पंधरा दिसांनी फणीबरोबर सगळं हातात आलं. तुमी उद्या जाऊ नगासा."

"उद्या?" अमरसिंह म्हणाला. "उद्या कुठं?"

त्याला बाजूला सारून तेजस्वी भावापुढं येऊन उभी राहिली.

"तुला म्हाईत होतं?"

"दिदी, हजारात एखाद्याला..."

"म्हाईत होतं का न्हवतं?"

"होतं. पण आता हात बसलाय गं."

तेजस्वीनं पोराला उचलायला हात घातले. विठाबाईंनी ते वरच्यावर अडवले. जावळ अर्धं सोडत नाहीत, अपशकुन असतो.

"ऱ्हाऊ दे त्याच्या मांडीवर," आक्का म्हणाल्या. "बस रे डॉक्टर. हलू नगंस. एका अंगानं भादरलेलं एक डोस्कं घरात बास झालं. कृष्णात, फुडं कर."

"आक्का, जरा दमानं," अमरसिंह पुटपुटला. "पावणे मंडळी हाईत. रविवारचं सगळ्यांस्नी सांगून झालंय. फ्लेक्सवर तुझंबी नाव घालायचं चाललंय..."

"तू बोलू नगंस. बायकोला कवटी म्हणालास चारचौघांत. मी तिथंच हुतो, च्या घिऊन आलोतो. तवाच तुझ्या थोबाडावर द्यायची ऱ्हायली." आक्कांनी पदर सारखा केला. "ती सुईखाली कुणामुळं चाललीती, त्याचा फ्लेक्स लाव."

अमरसिंहनं मोबाइल खिशात घातला. सम्राट मटणाच्या पातेल्याकडं गेला. पुरुषांना अशा वेळी मीठ बघायचं असतं. उरलेलं जावळ सगळ्यांच्या देखत, कात्रीचा आवाज ऐकत निघालं. मामा मान खाली घालून बसला होता आणि भाचा त्याच्या मांडीवर पाय झाडत होता. शेवटची बट पडली तशी तेजस्वीनं पोराला उचललं आणि भावाकडं न बघता आत गेली. दारातून तिनं एवढंच सांगितलं, "उद्या मी येत न्हाय. आणि तुझ्याकडं ती विरघळवायची सुई येईपर्यंत दुसऱ्या कुणाचीबी लेक बोलवू नगंस, न्हायतर मी स्वतः दारात हुबी ऱ्हातो."

मोना पदर धरून बसली होती. त्यात भाच्याचे काळे, ओले केस. हात सोडता येत नव्हते, त्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते.

"आक्का," ती म्हणाली, "बोरमाळ काढून घे. तुला वाटलं तसला न्हवता ह्यो पदर."

आक्का तिच्याजवळ बसल्या. गुडघे वाजले. त्यांनी सकाळी राहिलेला हात पुढं केला आणि त्या गुळगुळीत जागेवरून, खपली सोडून, दोन बोटं फिरवली. मोना या वेळी मागं सरली नाही.

"डोक्यात काय नसतंय त्या बायका झाकत्यात, म्हणालीतीस."

"व्हय. म्हणालोतो."

"आज काढलास न्हवं?" आक्का म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ दे गळ्यात."